चेट वास्कोचे चार स्क्रू

चेट वास्कोच्या तोंडात दोन वाक्यं कायमची बसलेली होती. एक, "कोपऱ्याला हात लावू नकोस," आणि दुसरं, "ते विकायला नाहीये." महिन्यातल्या एका रविवारी आमच्या गावच्या बंबखान्याच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे माझं टेबल त्याच्या टेबलाला लागून असायचं. मी जुनी बटणं आणि काचेच्या बश्या विकते, तो खेळाडूंची चित्रं छापलेली बेसबॉलची जुनी कार्डं विकायचा. विकायचा कसला, गिऱ्हाइकं पळवून लावायचा. एखाद्याने कार्ड उचललं की हा भिंग काढून कार्डाकडे नाही, त्या माणसाच्या बोटांकडे बघायचा.

"पिझ्झा खाऊन आलास ना? जा, हात धुऊन ये."

माणूस हात धुवायला म्हणून जायचा तो थेट घरी. मग चेट माझ्याकडे वळायचा. "बघितलंस बर्नी? लोकांना स्वच्छतेची चाड म्हणून राहिली नाही."

"गिऱ्हाईक राहिलं नाही असं म्हण," मी म्हणायचे.

मी त्याच्या शेजारच्याच घरात राहायचे. दोन घरांमध्ये एवढीशी गल्ली, त्यामुळे त्याच्या स्वयंपाकघरातलं भांडण मला माझ्या स्वयंपाकघरात बसून ऐकू यायचं. त्याची बायको डोलोरेस माझी मैत्रीण. म्हणून चेटबद्दल मी जे सांगतेय ते ऐकीव नाही. आणि त्याच्याबद्दल मला फार प्रेम होतं असंही कुणी समजू नये. अर्धं आयुष्य मला त्या माणसाचा रागच येत होता.

त्याच्याकडे हजारो कार्डं होती, पण त्याचा जीव एकाच कार्डात होता. गस मालिनाकच्या.

मालिनाक आमच्याच खोऱ्यातला. नदीपलीकडे कोळशाच्या खाणीची वस्ती होती, तिथल्या स्लोव्हाक खाणकामगाराचा पोरगा. तो मोठ्या संघात गेला आणि पहिल्याच हंगामात त्याने असे काही चेंडू मैदानाबाहेर टोलावले की आमच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या बायकासुद्धा त्याच्या नावाने मेणबत्त्या लावायला लागल्या. त्याचं पहिलं कार्ड निघालं ते बाकीच्या खेळाडूंसारखं च्युइंग गमच्या पाकिटात नाही, तर सॉसेजच्या पाकिटात. गावाजवळ सॉसेजचा कारखाना होता, त्यांनी ते छापून घेतलं होतं. कच्च्या सॉसेजला चिकटून आलेलं कार्ड चरबीने माखलेलं असायचं. पोरं ते चड्डीला पुसायची आणि खिशात कोंबायची. आज जगात मालिनाकची जी काही कार्डं उरली आहेत, त्या सगळ्यांवर पिवळे डाग आहेत. कुणाच्या गालावर, कुणाच्या बॅटवर.

चेटच्या कार्डावर डाग नव्हता. त्याचा बाप आंद्रेय त्याच कारखान्यात पाकिटं भरायच्या कामाला होता. त्याने एक कार्ड पाकिटात जायच्या आधीच गठ्ठ्यातून काढलं, मेणकागदात गुंडाळलं आणि शर्टाच्या खिशातून घरी आणलं. चेट तेव्हा चौथीत होता. बापाने आयुष्यात त्याला दिलेली ती एकच भेटवस्तू. बाकी पट्ट्याचे फटके. चेटच्या आईने ते कार्ड आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं आणि तिथे ते वर्षानुवर्षं सुखाने राहिलं. चेट सैन्यातून परत आला तेव्हा दारात उभ्या आईला ओलांडून आधी ते पुस्तक उघडायला गेला, हे त्याची आईच सगळ्यांना सांगायची. हसत सांगायची, पण सांगायची.

मग कार्डांना भाव यायला लागला. दर गावात बाजार भरायला लागले आणि बाजारात त्या चौकटी आल्या. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचे दोन तुकडे, मधे कार्ड, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. ज्याचं कार्ड भारी, त्याची चौकट जाड. चौकट जितकी घट्ट तितकं कार्ड सुरक्षित, हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक होतं. हवा आत शिरली की कार्ड पिवळं पडतं, दमट हवेत वाकतं, म्हणून स्क्रू आवळायचे. बाजारातले जाणते लोक नवख्यांना हेच सांगायचे. चेटने सगळ्यांत जाड चौकट आणली आणि मालिनाकला पुस्तकातून काढून तिच्यात बसवलं.

डोलोरेस म्हणाली होती, "पुस्तकात काय वाईट होतं त्याचं?"

"तुला काय कळतं त्यातलं," चेट म्हणाला होता. हे तो तिला दिवसातून एकदा तरी म्हणायचाच.

चेटला एकच मुलगी, रेने. तिला तो रेन म्हणायचा. चौकट आली तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. चेटच्या तोंडून त्या पोरीला कधी धड शब्द गेला नाही. तिचं अक्षर वाकडं, तिची चाल पोक काढून, तिने धुतलेल्या बशीला साबण राहिलेला, तिने फेकलेला चेंडू म्हणजे "तुझी आजी याहून लांब थुंकते." पण वर्षातून एक दिवस असा यायचा की त्या घरातला आवाज ऐकून मी हातातलं काम थांबवून खिडकीशी उभी राहायचे. बेसबॉलचा हंगाम सुरू व्हायचा तो दिवस. स्वयंपाकघरात रेडिओ लावलेला, डोलोरेसच्या पातेल्यात कोबीच्या पानात गुंडाळलेलं मटण शिजतंय, आणि टेबलावर पांढरा टॉवेल अंथरून त्यावर मालिनाकची चौकट. रेने खुर्चीवर गुडघे टेकून उभी. हातात पिवळ्या मुठीचा छोटा स्क्रू ड्रायव्हर.

"थंडीत सैल पडतात ते," चेट सांगायचा. "चारही एक-एक आटा आवळ."

"डॅड, फिरत नाहीये आता."

"फिरतोय. वास्कोंच्या हातात जोर असतो. लाव जोर."

पोरगी जिभेचं टोक दातांत धरून जोर लावायची. चारही स्क्रू आवळून झाले की चेट चौकट दिव्यासमोर धरायचा, तिरपी करायचा, डोळे बारीक करायचा. पोरगी श्वास रोखून बघत असायची. मग तो म्हणायचा, "झकास. एकदम झकास काम केलंस, पोरी." आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायचा.

वर्षातून तेवढं एकदाच.

"हे तुझं आहे," तो तिला सांगायचा. "मी मेल्यावर तू राणी होशील."

पुढे चेट कामाला होता तो पोलादाचा कारखाना बंद पडला. चेटसारखे शेकडो पुरुष घरात बसले. कुणी दारू जवळ केली, कुणी टेक्सासला गेले. चेट कार्डांच्या खोक्यांपाशी बसला. डोलोरेस पिट्सबर्गच्या कचेऱ्यांमध्ये फरशा पुसायला जाऊ लागली. रेने शाळा संपवून नर्सिंगच्या कॉलेजात निवडली गेली, आणि त्याच सुमारास क्लीव्हलंडचा एक मोठा व्यापारी आमच्या बंबखान्यात आला. त्याने चेटच्या टेबलावर वाकून मालिनाककडे बघितलं आणि आकडा सांगितला. आकडा ऐकून माझ्या हातातली बशी सुटली. ती फुटली म्हणून मला तो रविवार चांगला लक्षात आहे.

"ते विकायला नाहीये," चेट म्हणाला.

त्या संध्याकाळी गल्लीपलीकडून मी सगळं ऐकलं. रेनेचा आवाज चढलेला. "माझं आहे ना ते? तूच म्हणतोस ना माझं आहे? मग मला आत्ता हवंय. मला कॉलेजला जायचंय, डॅड!"

"आत्ता विकलंस तर मातीमोल. थांबलीस तर सोनं. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

"मला सोनं नकोय. मला आत्ता हवंय."

"तुला काय कळतं त्यातलं."

रेने कॉलेजला गेली नाही. वर्षभरात घरातूनच गेली. वर एरीला, तळ्याकाठच्या गावात तिने लग्न केलं, ते मोडलं, आणि ती तिथल्या वृद्धांच्या आश्रमात कामाला लागली. नर्स व्हायचं होतं, आता नर्सच्या हाताखाली म्हाताऱ्यांची शौचाची भांडी बदलते. डोलोरेस वारली तेव्हा रेने आली, पण चर्चमध्ये दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसली. नंतर ख्रिसमसला एक शुभेच्छापत्र, खाली फक्त सही. इतकंच.

रेने घर सोडून गेल्यावर चेटने स्क्रूंना हात लावला नाही. हंगाम सुरू व्हायचा, रेडिओ लागायचा, टॉवेल अंथरला जायचा, चौकट त्यावर यायची आणि तशीच परत कपाटात जायची. मी एकदा विचारलंसुद्धा, "आवळत नाहीस?"

"ते रेनचं काम आहे," तो म्हणाला.

मागच्या हिवाळ्यात त्याची फुप्फुसं गेली. नाकात नळी आली, चाकांवरचा सिलिंडर आला. जिना चढणं बंद, म्हणून पलंग खाली बैठकीत आणला. डॉक्टरांनी जे सांगायचं ते मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि त्याने ते माझ्या तोंडावरून ओळखलं.

"रेनला बोलावतो," तो म्हणाला. "कार्ड तिच्या हातात देतो. पण आधी त्याचा दर्जा ठरवून घेऊ. शिक्का मारलेलं असलं की तिला कुणी फसवणार नाही."

"नुसतं देऊन टाक की."

"नाही. तिने एकदा म्हणायला हवं, बर्नी. डॅड, तू बरोबर होतास, एवढं एकदा म्हणू दे. मग मी मोकळा."

मी त्याला चार शब्द सुनावणार होते. डोलोरेसच्या गुडघ्यांवरच्या गाठी माझ्या डोळ्यांपुढे होत्या. पण नाकात नळी असलेल्या माणसाशी कुठे भांडायचं? मी गाडी काढली.

पिट्सबर्गच्या मोठ्या सभागृहात कार्डांचा मोठा मेळा भरला होता. तिथे दर्जा ठरवणारे लोक टेबलं टाकून बसतात. खरं-खोटं तपासतात, कोपरे बघतात, माप घेतात आणि गुणांचा आकडा घालून कार्ड नव्या बंद डबीत घालून देतात. आमचा नंबर आला. टेबलामागे एक तरुण बाई होती. तिने मालिनाक बघितला आणि उठून उभी राहिली.

"डाग नाहीये," ती म्हणाली. "सर, बिनडागाचा मालिनाक मी आयुष्यात पहिल्यांदा बघतेय."

चेटने माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी बघितला नव्हता, लग्नातसुद्धा नाही. मी होते त्याच्या लग्नात.

तिने स्क्रू काढायला घेतले. ते निघेनात. तिने तेलाचा थेंब सोडला, दुसरा स्क्रू ड्रायव्हर आणला. चौथा निघाला तेव्हा वरचं प्लॅस्टिक उचललं, तर कार्ड त्याला चिकटून वर आलं. सुटताना बारीकसा आवाज झाला, पावाच्या पाकिटाचा कागद सोलताना होतो तसा. बाईचा चेहरा उतरला. तिने माप घेतलं. पुन्हा घेतलं. मग कार्ड उलटं करून दिव्याखाली तिरपं धरलं.

"सर, ही चौकट किती आवळायचात तुम्ही?"

"दर वर्षी," चेट अभिमानाने म्हणाला. "पूर्ण दहा वर्षं. एकदाही चुकवलं नाही."

बाई खाली बसली. "कार्ड खरं आहे. त्यात शंकाच नाही. पण ते दाबलं गेलंय. चपटं होऊन कडेने पसरलंय, मापात बसत नाही. वरची चकाकी प्लॅस्टिकला गेलीय. मागची अक्षरं सपाट झालीत. आम्ही याला दर्जा देऊ शकत नाही."

"का नाही?"

"घडी पडलेलं कार्ड लोक मुद्दाम दाबतात, सुरकुती लपवायला. कुणी लपवायला दाबलं आणि कुणी जपायला, ते कार्डावरून कळत नाही. आम्हाला 'फेरफार केलेलं' असंच म्हणावं लागतं."

"मी फेरफार केला?" चेट म्हणाला. सिलिंडर सूं सूं करत होता. "मी? अगं, मी कुणाला त्याच्याकडे जोरात श्वास घेऊ दिला नाही!"

"माहीत आहे मला, सर." ती खरंच कळवळली होती. "प्रत्येक मेळ्यात असे येतात. सगळे तुमच्यासारखेच, जपणारे. जे बुटाच्या खोक्यात टाकून माळ्यावर विसरून गेले ना, त्यांची चांगली निघतात."

मला त्या बाईला थोबाडीत द्यावीशी वाटली. तिची काही चूक नव्हती, तरी वाटली.

चेटने विचारलं. "हे कधी झालं?"

"जुनं आहे. जेव्हा आवळत होतात, तेव्हाचंच."

"म्हणजे वीस वर्षांपूर्वी कुणी विकत घेतलं असतं, तर त्याला कळलं असतं?"

"नाही. तेव्हा कुणी मापं घेत नव्हतं. तेव्हा सगळे नुसतं डोळ्यांनी बघायचे." तिने कार्ड परत चौकटीत ठेवलं. "आताही कुणीतरी घेईल, सर. आठवण म्हणून."

परतीच्या वाटेवर चेट गाडीत माझ्या शेजारी होता. चौकट मांडीवर, स्क्रू शर्टाच्या खिशात. गाडी खड्ड्यात गेली की ते वाजायचे. मीच बडबडत राहिले, त्या बाईला, दर्जा ठरवणाऱ्यांना, मेळ्यांना, सगळ्यांना शिव्या दिल्या. नदीवरचा पूल आला तेव्हा तो म्हणाला, "पुस्तकात बरं होतं ते."

मी गाडीचा वेग कमी केला.

"डोलोरेसने सांगितलं होतं. रेनने सांगितलं होतं." त्याने नळी नीट केली. "मी सांगणार रेनला. सगळं खरं सांगणार. म्हणणार, तू बरोबर होतीस पोरी, तेव्हाच विकायला हवं होतं."

एवढ्या वर्षांत तो असं काही म्हणेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मला वाटलं, चला, कार्ड गेलं ते गेलं, पण निदान बाप-लेक बोलतील. मी मूर्ख म्हणून मला तसं वाटलं.

रेने आली ती कामावरून तशीच, आश्रमाचा निळा सदरा घालून, हातात दुकानातून आणलेला ॲपल पायचा डबा. चाळिशीची झालेली, केस पांढरे व्हायला लागलेले, डोलोरेससारखे सुजलेले हात. चेटने मला थांबवून घेतलं होतं. मी शेगडीपाशी बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोग्या कांद्याबरोबर लोण्यात परतत होते, मधे बोलायचं नाही असं स्वतःला बजावून.

"बस," चेट म्हणाला. "पोक काढू नकोस."

"सुरू झालास?" रेने म्हणाली, पण बसली.

टेबलावर पांढरा टॉवेल होता. त्यावर चौकट. चेटने स्क्रू परत नुसते टेकवून ठेवले होते.

"रेन, तुला एक सांगायचंय. त्या वेळी, कॉलेजच्या वेळी…" त्याला धाप लागली. तो थांबला.

तेवढ्यात रेनेने चौकट उचलली. उचलताच दोन्ही प्लॅस्टिकं खडखडली. "अरे, हे सैल कुणी केले?" ती म्हणाली, आणि तिने न बघता टेबलाचा खण ओढला. पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर तिथेच होता, जिथे पूर्वी असायचा. तिने तो पहिल्या स्क्रूत घातला.

"राहू दे!" चेट ओरडला.

तिचा हात थांबला. चेहरा पूर्वीसारखा दगडी झाला. मला वाटलं ती आता उठणार आणि जाणार. पण ती उठली नाही. त्या स्क्रू ड्रायव्हरकडे बघत हळू आवाजात बोलली.

"तुला माहितीये डॅड, इथे यायचं नव्हतं मला. गाडीत बसून निम्म्या वाटेत परत फिरणार होते. मग म्हटलं, या घरात आपलं चांगलं असं काही होतं का? तर हे होतं. हा टॉवेल, रेडिओ, आणि हे चार स्क्रू." तिने नाक पुसलं. "या घरात मी एकच गोष्ट अशी केली जी तुला कधी चुकीची वाटली नाही. आश्रमात कधी वाईट दिवस असला ना, कुणी मेलेलं असलं, तर मी तेच आठवते. तू कार्ड दिव्यासमोर धरायचास. झकास म्हणायचास. वेडेपणा आहे, पण आठवते."

माझ्या तव्यातला कांदा करपायला लागला होता. मला तो हलवता येईना.

चेट तिच्या हातांकडे बघत होता. बराच वेळ बघत होता. मग त्याने तोंड उघडलं, आणि तोंडातून भलतंच काहीतरी आलं.

"कार्ड नकली निघालं, रेन."

"काय?"

"नकली आहे. पिट्सबर्गला दाखवून आणलं. तुझ्या आजोबांनी आणलेलं कधीच हरवलं होतं, मी सैन्यात असताना. मग एकाकडून हे घेतलं, आणि सगळ्यांना तेच आहे म्हणून सांगितलं. फसलो मी. त्यानेही मला फसवलं आणि मीही तुम्हाला फसवलं."

मी वळले. तो माझ्याकडे बघत नव्हता, पण टेबलाखाली त्याचा हात माझ्या दिशेने हलला. गप्प बस.

रेनेने स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला. मग हसली. ते हसणं मी विसरणार नाही. "म्हणजे आई फरशा पुसत होती ती एका नकली कार्डासाठी? मी कॉलेजला गेले नाही ते याच्यासाठी? क्लीव्हलंडवाला दारात आला होता, आणि तू… एका खोट्या कार्डाला कुरवाळत बसलास?"

"हो," चेट म्हणाला.

"आणि हरवलं होतं हे तुला माहीत होतं? रोज माहीत होतं?"

"हो."

"मला बोलावलंस ते हे सांगायला?"

"हो."

ती उठली. पायच्या डब्याला कुणी हात लावला नाही. दार आपटल्याचा आवाज झाला, मग गाडीचा. मी शेगडी बंद केली आणि त्याच्यावर तुटून पडले. "अरे गाढवा, काय बोललास तू हे? खरं सांगणार होतास ना? तिला तू आणखी तोडलंस!"

"कशाने खराब झालं असं तिने विचारलं असतं," चेट म्हणाला.

"मग सांगायचं!"

"तिच्याकडे तेवढी एकच गोष्ट आहे, बर्नी. ऐकलंस ना तू." तो धापा टाकत होता. "ती कशी घेऊ काढून?"

मी खाली बसले. करपलेल्या कांद्याचा वास सगळ्या घरात भरला होता. त्याने माझ्याकडून वचन घेतलं, आणि मी ते दिलं. नाही दिलं असतं तर बरं झालं असतं असं मला आजही काही रात्री वाटतं, आणि काही रात्री वाटत नाही.

हंगाम संपायच्या आत चेट गेला. रेने परत आली नव्हती, फोनही उचलत नव्हती. तो दारातल्या प्रत्येक गाडीच्या आवाजाला मान वळवायचा आणि मला विचारायचा, "कोण आहे?" टपालवाला असायचा, किंवा गॅसवाला.

पुरायच्या आदल्या संध्याकाळी शवपेटी बघायला लोक येतात, त्या वेळी रेने आली. बापाचा सूट तिनेच घरून आणून दिला होता. बंबखान्यातले सगळे आले होते, रांगेने उभे. गर्दी ओसरल्यावर ती माझ्याजवळ आली.

"आंट बर्नी, एक विचारू? लोक आत्ता मला सांगत होते, अख्ख्या खोऱ्यात डॅडसारखा डोळा नव्हता. हॉलच्या दुसऱ्या टोकावरून नकली कार्ड ओळखायचा म्हणे. मग त्याला स्वतःचं कसं ओळखू आलं नाही?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. डोलोरेसचे डोळे. खरं होतं ते, चेट टिचकीच्या नुसत्या आवाजावरून खरं-खोटं कार्ड ओळखायचा. त्याच्याकडे बाकी काही नव्हतं. नोकरी गेली, बायको गेली, मुलगी गेली, पण माणसाला डोळा आहे असं सगळे म्हणायचे आणि तेवढ्यावर तो मान वर करून चालायचा.

"लोक मेलेल्याबद्दल चांगलंच बोलतात गं," मी म्हणाले. "त्याला काही कळत नव्हतं त्यातलं."

तिने मान हलवली. तिला तेच वाटत होतं. मग तिने पिशवीतून चौकट काढली. मालिनाक आत तिरका झाला होता, स्क्रू नुसते टेकवलेले. "असू दे त्याच्याजवळ," ती म्हणाली. "नकली तर नकली. मला घरात नको." ती पेटीवर वाकली, चौकट त्याच्या हातांखाली ठेवायला लागली, आणि एक स्क्रू निसटून सूटच्या घडीत पडला. तिने तो शोधून काढला. पिशवीत पुन्हा हात घातला आणि पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर बाहेर आला.

"सैल ठेवलं तर चिडेल," ती म्हणाली.

तिने पेटीच्या कडेवर चौकट टेकवली आणि जिभेचं टोक दातांत धरून चारही स्क्रू आवळले, एकेक करून, जोर लावून, फिरायचे थांबेपर्यंत. मग चौकट दिव्याकडे धरून मला दाखवली.

"झालं ना घट्ट?" तिने विचारलं.

"झालं," मी म्हणाले. "झकास झालं."